वाचकांचे प्रश्न : लोकप्रिय मोटरसायकलींचे उत्पादन का थांबते?

वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या आणि एक दिवस शोरूममधून दिसेनाशा झालेल्या मोटरसायकलींविषयी नागपूर शहर आणि परिसरातील वाचकांनी पाठवलेली काही पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. लोकांना हवी असलेली गाडी कंपनी बंद का करते, हा बहुतेक पत्रांमागचा प्रश्न आहे.

माझ्या वडिलांनी १९९१ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० आमच्याकडे अजून आहे. ती कुठेही उभी केली की ‘विकता का?’ म्हणून विचारणारा कोणीतरी भेटतोच. इतकी मागणी असताना कंपनीने ती बंद का केली आणि आता पुन्हा का काढत नाही? — एक वाचक, इतवारी

आपल्या गाडीला आज जी मागणी आहे, ती मोजक्याच शिल्लक राहिलेल्या जुन्या गाडीची मागणी आहे. नवी गाडी वर्षाला काही लाखांच्या संख्येने खपवण्यासाठी लागणारी मागणी वेगळी असते, आणि कारखाना चालतो तो या दुसऱ्या मागणीवर. गाडी दुर्मीळ झाली म्हणून तिची किंमत वाढली आहे. उद्या ती शोरूममध्ये सहज मिळू लागली, तर रस्त्यात थांबवून विचारणाऱ्यांपैकी किती जण खरोखर पैसे मोजतील, हे सांगणे कठीण आहे.

आता मूळ कारणाकडे वळू. आरएक्स १०० भारतात नोव्हेंबर १९८५ मध्ये आली आणि मार्च १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, असा हा मेळ होता; तिची ती प्रसिद्ध उसळी यातूनच येत असे. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीला स्फोट होतो, चार-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराचे दोन-स्ट्रोक इंजिन अधिक जोर देते. मात्र ज्या रचनेमुळे हा जोर मिळतो, तिच्यातच या इंजिनाचा दोषही आहे. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतला धूर बाहेर सोडणारा पोर्ट, म्हणजे छिद्र, आधी उघडतो आणि लगेच ताजे मिश्रण आत घेणारे पोर्ट उघडतात. काही क्षण दोन्ही एकाच वेळी उघडे राहतात. आत येणारे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जळालेल्या धुराला बाहेर ढकलते आणि त्या ओघात त्यातला बराच वाटा स्वतःही न जळता सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय पेट्रोलबरोबर ऑइल जळते ते वेगळेच. ही कार्ब्युरेटरच्या ट्यूनिंगमधली चूक नव्हे. कितीही कसबी मिस्त्रीने गाडी लावली तरी साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात हे घडतच राहते.

भारतात दुचाकींच्या धुरासाठी १९९६ साली जी मर्यादा आली, तिच्यात हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन, आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून दर किलोमीटरला ३.६ ग्रॅमपर्यंत चालत असे. २००० मध्ये ही मर्यादा २ ग्रॅम झाली, २००५ मध्ये १.५ आणि २०१० मध्ये १ ग्रॅम. २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज ६ या धुराच्या मानकात हायड्रोकार्बनला ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइडला ०.०६ ग्रॅम एवढीच मुभा आहे. मोजणीची पद्धत मधल्या काळात बदलली, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना काटेकोर ठरत नाही, तरी दिशा आणि वेग लक्षात यावा. आरएक्स १०० नंतर याच घराण्यातल्या १३५ सीसीच्या गाड्या काही वर्षे टिकल्या; त्या काळात दोन-स्ट्रोक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुरातले घातक वायू कमी करणारा उत्प्रेरक बसवण्यापर्यंत मजल गेली होती, पण २००५च्या सुमारास तोही मार्ग संपला. आज तीच गाडी काढायची म्हटली तर तिला चार-स्ट्रोक इंजिन, इंधन इंजेक्शन, उत्प्रेरक आणि आजच्या नियमांनुसारचे ब्रेक बसवावे लागतील. वजन वाढेल, शंभर सीसीतून ती उसळी मिळणार नाही आणि तो आवाजही राहणार नाही. मग टाकीवर नाव तेच लिहून काय साधणार?

ही गाडी गेल्याची हळहळ मलाही आहे. तरीही ती जायलाच हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी व्हरायटी चौकातल्या सिग्नलला जो पायी उभा असतो, त्याने आपल्या आवडीची किंमत स्वतःच्या फुफ्फुसांनी मोजावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही गाडीप्रेमीला नाही.

हिंगणा एमआयडीसीत मी प्रेस शॉपमध्ये काम करतो. स्प्लेंडर १९९४ पासून जवळजवळ तशीच दिसते आणि अजून चालू आहे. तिच्यानंतर आलेल्या कितीतरी गाड्या मात्र बंद झाल्या. हे कसे? — एक वाचक, हिंगणा

आपण ज्या विभागात काम करता, तिथेच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पत्रा दाबण्याचा साचा बनवायला प्रचंड खर्च येतो आणि तो ठरावीक संख्येनंतर झिजतो, हे आपण रोज पाहत असाल. टाकीचा साचा झिजला की कंपनीपुढे दोन पर्याय उरतात: नवा साचा करून तीच टाकी काढत राहायचे, किंवा त्याच पैशांत नव्या गाडीच्या टाकीचा साचा करायचा. खप मंदावलेल्या मॉडेलच्या बाबतीत हा निर्णय बहुधा नव्या गाडीच्या बाजूने लागतो. हेडलाइट, मीटर, कार्ब्युरेटर, वायरिंग असे कितीतरी भाग बाहेरचे पुरवठादार करून देतात. त्यांच्यापैकी एखाद्याने ‘एवढ्या कमी संख्येसाठी आमची लाइन चालवणे परवडत नाही’ असे सांगितले, तरी गाडीचे दिवस भरतात.

त्यात नियम बदलले की प्रत्येक मॉडेल पुन्हा चाचण्यांतून न्यावे लागते. समजा, एक मॉडेल नव्या मानकात बसवण्यासाठी २० कोटी रुपये लागले. हा आकडा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतला आहे. वर्षाला १० लाख गाड्या विकल्या जात असतील, तर पहिल्याच वर्षात गाडीमागे २०० रुपये पडतात. वर्षाला १० हजारच विकल्या जात असतील, तर गाडीमागे २० हजार. पहिला भार ग्राहकाला जाणवतही नाही, दुसरा कोणताही ग्राहक सोसणार नाही. नियम दोन्ही गाड्यांना सारखाच असतो, पण एक तरते आणि दुसरी बुडते. म्हणूनच गाडी बंद होण्याच्या तारखा १ एप्रिल २०१७ किंवा १ एप्रिल २०२० अशा नव्या मानकांच्या तारखांच्या आसपास आढळतात. प्रत्यक्षात तिचे भवितव्य कितीतरी आधी, ही गाडी पुढच्या मानकात न्यायची की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत निश्चित झालेले असते. त्या वेळी तिच्यावर किती जणांचे प्रेम आहे हे विचारात घेतले जात नाही. पुढची काही वर्षे महिन्याला किती जातील, एवढेच पाहिले जाते.

स्प्लेंडरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. हेच माप १९८५ सालच्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये होते. हे इंजिन एका गाडीपुरते कधीच राहिले नाही. सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन आणि त्यांच्या भावंडांनी ते वाटून घेतले, त्यामुळे त्यावर केलेला प्रत्येक रुपया अनेक मॉडेलांवर विभागला गेला. हीरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये वेगळे होण्याचे ठरवल्यानंतरही ते चालूच राहिले. दिसायला ती तशीच असली, तरी २०२० मध्ये तिचा कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, हे आपल्यासारख्या जाणकाराच्या नजरेतून सुटले नसेल.

येझदीही धुराच्या नियमांमुळेच बंद झाली का? — एक वाचक, सदर

नियमांनी तिला पुढे जगू दिले नसते हे खरे, पण ती त्याआधीच आजारी पडली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा या कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि गाडी कारखान्याबरोबर गेली. १९८५ नंतर शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्या बाजारात आल्या, त्या एका लिटरमध्ये येझदीच्या कितीतरी पुढे जात, आणि नोकरदार ग्राहकाने पेट्रोलचा हिशेब करून आपली निवड बदलली. त्याच काळात राजदूत ३५० या देखण्या आणि वेगवान गाडीलाही तिची पेट्रोलची भूक नडली. १९८३ मध्ये आलेली ती गाडी फार वर्षे टिकली नाही.

येझदीची एक खुबी मात्र नव्या पिढीला सांगायला हवी. तिचा किक मारण्याचा दांडा आणि गिअर टाकण्याचा दांडा एकच होता. किक मारून गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे फिरवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. कमी भागांत जास्त काम करवून घेण्याची इतकी नेटकी कल्पना त्यानंतर आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसली.

माझ्या यजमानांकडे १९८०च्या दशकातली बुलेट होती. आता भाच्याने नवी बुलेट घेतली आहे. ही तीच गाडी आहे का? — एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

नाव तेच आहे. यंत्र मात्र पूर्णपणे बदलले आहे. बुलेट हे नाव १९३२ पासून इंग्लंडमध्ये वापरात होते आणि १९५५ मध्ये मद्रासला ती तयार होऊ लागली. आपल्या यजमानांची गाडी बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या सिलिंडरची असणार. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते, गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला होता. ती सुरू करण्याचा विधीही आपण पाहिला असेल: किक हळू दाबत अँपिअरच्या काट्याकडे लक्ष ठेवायचे, काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी कळ ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्यायचा, आणि मग शरीराचा भार टाकून एकच पूर्ण किक. घाई केली तर किक उलटी येऊन घोटा दुखावत असे.

ते इंजिन २००८ ते २०१० या काळात मागे पडले आणि इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले नवे अॅल्युमिनियमचे इंजिन आले. ५०० सीसीची बुलेट २०२० मध्ये भारत स्टेज ६ च्या उंबरठ्यावर थांबली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ३५० सीसीच्या बुलेटलाही ३४९ सीसीचे वेगळे इंजिन मिळाले. त्यात कॅमशाफ्ट वर सिलिंडर हेडमध्ये आहे आणि कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही आहे. म्हणजे बुलेट कधीच बंद झाली नाही असे आपण म्हणतो, पण त्या नावाखाली किमान दोन गाड्या निवृत्त झाल्या. मला यात फसवणूक वाटत नाही. ज्या कंपनीकडे विकण्यासारखे एकच मोठे नाव होते, तिने ते जपण्यासाठी यंत्र बदलत नेले आणि त्यामुळे कारखाना व कामगार टिकले. आपल्या भाच्याला मात्र एवढे जरूर सांगा की जुन्या आणि नव्या बुलेटच्या इंजिनाचे भाग एकमेकांना लागत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

परदेशातही असेच होते का? — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, वाडी

होय, आणि कारणेही बहुतांशी हीच असतात. यामाहाची एसआर ४०० जपानमध्ये १९७८ पासून विकली जात होती आणि शेवटपर्यंत ती केवळ किकनेच सुरू होत असे. इलेक्ट्रिक स्टार्टर कंपनीने बसवलाच नाही. धुराच्या नियमांसाठी तिने इंधन इंजेक्शन स्वीकारले, पण ऑक्टोबर २०२१ पासून जपानमध्ये चालू मॉडेलांनाही एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची होणार होती, आणि कंपनीने त्याच वर्षी तिची अखेरची आवृत्ती काढली. होंडाची सुपर कब १९५८ पासून आहे आणि २०१७ मध्ये या मालिकेच्या एकूण उत्पादनाने १० कोटींचा टप्पा ओलांडला. तरीही तिच्या ५० सीसीच्या प्रकाराचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले, कारण इतक्या लहान इंजिनाला नव्या धूर-मर्यादेत बसवण्याचा खर्च त्या गाडीच्या किमतीला झेपणारा नव्हता. मोठ्या इंजिनाच्या कब मात्र चालू आहेत. अभ्यास करताना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा: पहिल्यात सुरक्षेच्या नियमाचा वाटा ठळक दिसतो, दुसऱ्यात धुराच्या नियमाचा.

शेतावरच्या कोठ्यात आजोबांची राजदूत १७५ आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची इच्छा आहे. कायद्याने चालेल का, आणि भाग मिळतील का? — एक शेतकरी वाचक, काटोल

कायद्याने चालेल, मात्र कागद आधी पाहा. पंधरा वर्षांनंतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे आपल्याकडेही पसरला आहे. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही. पंधरा वर्षांची नोंदणी संपली की आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. नोंदणी आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारसा हक्काने ती आपल्या नावावर करून घ्यावी लागेल. हे काम इंजिनाला हात लावण्याआधी करा. कागद अडले तर इंजिनावरचा खर्च वाया जाईल. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे, पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच मुभा असते. आपल्याला शेत ते गाव असा वापर करायचा असेल, तर साधे नूतनीकरणच बरे.

राजदूत मूळची पोलंडची. तिकडच्या एसएचएल गाडीचा आराखडा घेऊन एस्कॉर्ट्सने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात आणली आणि २००५च्या सुमारापर्यंत ती निघत राहिली. साधी रचना, जाड पत्रा आणि ओझे वाहण्याची ताकद यांमुळे दूधवाल्यांनी ती उचलून धरली. इतकी वर्षे निघाल्यामुळेच पिस्टन, रिंग, क्लच प्लेट, पॉइंट असे झिजणारे भाग अजून मिळतात. मात्र त्यातले बरेचसे नक्कल केलेले असतात. पिस्टन घेताना सिलिंडर बरोबर घेऊन जा, बोअर मोजून घ्या आणि मगच जोडी जुळवा. क्रँकचे सील न बदलता गाडी सुरू करू नका. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते कडक होतात, बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिन पकडायला, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकायला, तेवढे पुरते.

हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते. त्या काळातले रबर आणि गॅस्केट त्यासाठी बनवलेले नव्हते, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट नवीनच घाला. इथेनॉल ओलावा धरते, तेव्हा टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवू नका आणि लागेल तेवढ्याच पेट्रोलमध्ये, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, ऑइल ताजे मिसळा.

एखादे मॉडेल बंद होणार हे आधी कसे ओळखावे? मोठी सूट मिळत असेल तर अशी गाडी घ्यावी का? — एक वाचक, कामठी

कंपन्या बहुधा जाहीर सांगत नाहीत. दरपत्रकातून नाव गळते, एवढेच. हे मला रास्त वाटत नाही. ज्या ग्राहकाने पुढची दहा-पंधरा वर्षे ती गाडी चालवायची आहे, त्याला पैसे भरण्याआधी हे कळायलाच हवे. काही खुणा मात्र दिसतात: रंगांचे पर्याय कमी होतात, त्याच कंपनीची तेवढ्याच किमतीची नवी गाडी शेजारी येऊन उभी राहते, आणि नव्या मानकाची तारीख जवळ आली तरी या मॉडेलची सुधारित आवृत्ती येत नाही. कधी अंदाज चुकतोही. पल्सर २२०एफ २०२२ मध्ये थांबली आणि मागणीमुळे २०२३ मध्ये पुन्हा आली. नवी गाडी जुन्या गाडीचा ग्राहक आपोआप घेईल, असे कंपनीला वाटले तरी दरवेळी तसे घडत नाही.

सुटीबाबत २०१७ चा प्रसंग लक्षात ठेवा. १ एप्रिलपासून भारत स्टेज ३ च्या गाड्या विकता येणार नाहीत आणि त्यांची नोंदणीही होणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिला. त्या वेळी देशभरात अशा सहा लाखांहून अधिक दुचाकी शिल्लक होत्या आणि पुढच्या दोन दिवसांत शोरूमपुढे गर्दी उसळली. ज्यांनी खूप खपलेली मॉडेल घेतली, त्यांना पुढे भागांची अडचण आली नाही. ज्यांनी सूट पाहून कमी खपाची गाडी घेतली, त्यांना एका इंडिकेटरसाठीही वाट पाहावी लागली. म्हणून सुटीच्या आकड्याआधी त्या गाडीचे इंजिन आणि ब्रेक दुसऱ्या चालू मॉडेलला लागतात का, हे सर्व्हिस सेंटरमधल्या भागांच्या काउंटरवर विचारा. चॅसीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा, ती गाडी सध्या लागू असलेल्या मानकाची आहे हे बिलावर लिहून घ्या, आणि नोंदणी झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.